उंची

ब्रशचा घेर चाळीस, जोर अर्धा.
टेकडी वर आली, गुळगुळीत,
उलट्या घमेल्यासारखी.

सोमा आत्राम शेळ्या बांधून आला,
स्क्रीनकडे पाहत राहिला.
"पानी कुठून उतरते इच्यावरून?"

मी म्हटलं, पाणी नंतर टाकतात.
तो हसला नाही.
"मंग टेकडी नंतर कर."

रात्री बारापर्यंत मग
आधी नाला ओढला, केळापूरकडच्यासारखा,
दोनदा वाट चुकलेला.
पाण्यानं सोडली तेवढीच माती ठेवली.
मुरूम उताराला, काळी खाली,
शेळ्यांची वाट तिरपी.

लाईट गेली.
गावात उजेड तेवढा त्या टेकडीचा.

सकाळी त्यानं काचेवर
बोटानं एक जागा दाबली.
"अठी सपाट पायजे."
काहून?
"बसाले."