समासातली नावं

आमच्या रजिस्टरात अकरा रकाने आहेत.
मालकाचं नाव, पत्ता, मोबाईल,
जात, म्हणजे जनावराची,
वय, लक्षणं, उपचार, शुल्क वगैरे.
जनावराच्या नावाला रकाना नाही.
ते मी समासात पेन्सिलीनं लिहितो.
तपासणीला आलेले साहेब एकदा म्हणाले, हे काय?
मी म्हटलं, खोडून टाकतो.
अजून खोडायचंय.

सकाळी आठलाच कडुनिंबाखाली रांग.
होटगीकडचा खोंड, खुरकुताची लस,
कानात पिवळा बिल्ला, बिल्ल्यावर बारा आकडे.
समासात: बसाप्पा.
वरातीची घोडी, लग्नसराईभर डांबरावर नाचून
खुरं तापलेली,
आयाळीत झेंडूची एक पाकळी वाळून चिकटलेली.
समासात: हिना.
नव्या पेठेतलं पांढरं केसाळ कुत्रं
शेंगाचटणी खाऊन तीन दिवस पातळ करतंय.
"एवढीशीच दिली हो," मालकीण म्हणते
आणि दोन्ही हातांनी जे माप दाखवते
त्यात पाव किलो सहज मावेल.

डॉक्टर मेश्राम गोंदियाचे.
नवीन आले तेव्हा खोंडाला म्हणाले, थांब रे बाप्पा.
खोंडानं लाथ घातली.
आता म्हणतात, निंद्र, निंद्र.
साखर पेठेतल्या कुत्र्याला दा,
बेगम पेठेतल्या बोकडाला ठैरो मियाँ.
सोलापुरात जनावर घरचीच भाषा बोलतं,
दवाखान्यासाठी मराठी शिकून येत नाही.

मे महिन्यातली रात्र. भिंतीला हात लावला तरी पोळत होता.
सव्वादहाला लाईट गेली.
पावणेअकराला राजव्वा येमूल आली, विडी घरकुलातून, रिक्षानं,
मांडीवर शेळी, शेळीखाली चादर,
कारखान्यातून नापास झालेली,
एका कडेचा मोर उलटा विणलेला.
दुपारपासून कळा देतीये, म्हणाली.
पाणमोट फुटून गेली, पिल्लू येईना.

शेळी पहिलटकरीण, वाट अरुंद.
डॉक्टरांचा पंजा अडला.
माझा तर त्याहून जाड.
त्यांनी दोनदा बघितलं, घाम पुसला,
मग बॅटरीचा झोत राजव्वाच्या हातांवर धरला.
"बाई, नखं कापा."

अंगठ्याचं नख तिनं वाढवलेलं होतं,
विडीचं तोंड मुडपायला.
हजार विड्या रोजच्या, त्या नखावर.
कात्री मीच दिली.
तिनं कापलं. बोलली काही नाही.

साबण, लाल औषधाचं पाणी, हातमोजा,
तोही तिला बोटांच्या टोकाशी सैल.
डॉक्टर गुडघ्यांवर बसून सांगत होते:
पाय लागले? सोडा ते. मान मागं वळलीये.
आधी आत ढकला, कळ थांबू द्या,
आता जबड्यात बोट घाला आणि फिरवा.
ओढू नका. फिरवा.
तिनं डोळे मिटून घेतले होते.
"दा, तल्ली, दा," म्हणत होती,
कुणाला ते मी विचारलं नाही.

पहिलं आलं ते गार.
डॉक्टरांनी मागच्या पायांना धरून झुलवलं,
नाकात काडी घातली, छाती चोळली, पुन्हा चोळली.
मग चादरीच्या कोपऱ्यात ठेवलं, उलट्या मोरावर.
दुसऱ्याला कुणी हातच लावला नाही.
ते आपोआप आलं, घसरलं आणि शिंकलं.
अंधारात बराच वेळ
फक्त चाटण्याचा आवाज.

एक वाजून वीस मिनिटांनी पंखा फिरला.
मी लिहिलं: अवघड प्रसूती. पिल्लं दोन. एक मृत.
उपचार: डॉक्टरांची सही.
शुल्काची पावती फाडली. तिनं कनवटीच्या नोटा मोजल्या,
उरलेल्यांत रिक्षाचे वेगळे काढले.
"नख यायला किती दिवस?" मी विचारलं.
"महिना तरी," ती म्हणाली. "तोवर हजाराच्या सातशे."
पिल्लू तिनं पदरात घेतलं होतं,
शेळी पदर चावत मागं मागं.

समासात लिहिलं: मल्ली.
त्याखाली एक ओळ मोकळी सोडली.

सकाळी झाडताना केरात नख सापडलं,
चंद्रकोरीएवढं, तंबाखूनं पिवळं.
सुपलीत घेऊन उभाच होतो
तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला,
पहिल्या नंबरची कोंबडी
पिशवीतून सुटून
कडुनिंबावर चढली होती.