अर्ध्याच्या थोडं वर

माझ्या गळ्यातला टेप दीडशेवर संपतो.
ब्लाउजला पुरतो तेवढा,
प्रयोगाला नाही पुरत.
म्हणून संपला तिथं मी अंगठा दाबून धरते
आणि स्टुलावरची शर्वी पुढचे पन्नास मोजते.
मार्किंगच्या खडूनं भिंतीवर रेघा :
पन्नास. शंभर. दीडशे. दोनशे.

गोळीबार चौकात दुपारची लाइट गेलेली.
कुलर बंद, पिकोची मोटर बंद,
म्हणून मी मोकळी.

"सोडू?"
"सोड."
टप्.

बॉल वर येतो, थांबतो.
तेवढाच क्षण धरायचा, निमजे सरांनी सांगितलंय.
मी धरते.
सुईत दोरा ओवताना श्वास धरते तसा.

पन्नासवरून सत्तावीस.
शंभरवरून पंचावन्न.
दीडशेवरून ब्याऐंशी.
दोनशेवरून एकशे सात.

वरून टाकला की जास्त उसळते
हे तर गल्लीतल्या कोणत्याही पोट्ट्याला ठाऊक.
मला नवल याचं, की हिशेब मोडत नाही.
कुठूनही पडा,
हाती येते ते अर्ध्याच्या थोडं वर.

"मंग बाकीचं कुठं जाते वो?"
"आवाजात जाते, आई. फरशी तापते थोडी. बॉलही तापते."
मला हसू आलं.
मे महिन्यातल्या नागपूरच्या फरशीला
एका रबरी बॉलची ऊब!

दारातून ऊन आत आलं,
तसं आम्ही स्टूल सरकवलं, खिडकीकडं.

शंभरवरून एक्केचाळीस.
परत टाकला. चाळीस.
परत. एक्केचाळीस.

"इथं कमी काऊन येऊन रायला?"
तिनं बॉल दाबून पाहिला,
टेप उलटा करून पाहिला,
शेवटी माझ्या अंगठ्याकडं पाहिलं.

मी खाली बसले. बोटाच्या पेरानं वाजवलं.
दाराजवळ टक् टक्.
इथं ढब्.

इथं तुझ्या आबांचा माग होता.
खड्ड्यात पाय सोडून बसत ते,
पावड्या दाबत,
धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं,
आणि काठ सरकत सरकत पोटाशी येई.
माग विकला तेव्हा मी नवी नवरी.
विटांचे तुकडे, राख, परसातली माती,
घमेली मीच ओतली.
मिस्त्री धुम्मस आणतो म्हणाला,
तर आबा म्हणाले, "राहू दे बाप्पा,
बसते माती आपोआप."

अठरा वर्षं झाली.
वरून टाइल्स आल्या, दिवाण आला, तू आलीस.
बसली नाही अजून.

चुकीचे रीडिंग खोडायचे, असा सरांचा नियम.
तिनं पेन उचललं.
मी खडू पुसायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

वळले तर वहीत नवा रकाना.
वर लिहिलेलं : मागाची जागा.

पन्नासवरून वीस.
दीडशेवरून एकसष्ट.
दोनशेवरून ऐंशी.
इथंही हिशेब मोडत नव्हता.
कमी होता, पण त्याचा त्याचा होता.

लाइट आली. मोटर घुरघुरली.
संध्याकाळपर्यंत तीन साड्यांचे फॉल द्यायचे होते.
शर्वीनं बॉल तसाच सोडून दिला
आणि तो दारापासून घरंगळत, सावकाश,
खिडकीखाली जाऊन थांबला.

"आई, हे पण लिहू का?"
पाय, मी म्हटलं, वहीत जागा असंल तर.