बावीस-चोवीसचा पाना

हातोदच्या अलीकडे, नाल्याला लागून
आमचं साडेचार बिघ्यांचं शेत.
माती काळी, इतकी चिकट
की पाय बाहेर येतो आणि बूट आत राहतो.

बरंच काही ठेवून घेतलंय तिनं आमचं.
लसूण निंदताना कुंदाआत्याचा चष्मा.
माझी डावी चप्पल, दोनदा.
हेमूचा मोबाइल तर सीडड्रिलमधून
गव्हासोबत पेरला गेला;
एक जण रिंग देत राहिला, आणि आम्ही बाकीचे
ओणवे होऊन, कान जमिनीकडे करून
उंदरं शोधावीत तसे फिरलो.
सातव्या तासात काहीतरी गुणगुणलं.
सापडला. चार्जिंगच्या भोकात गव्हाचा दाणा.
आठवडाभर हसलो.

परवा बटाटे काढताना मशीन खडखडून थांबलं.
दगड असेल म्हणून हात घातला,
करंगळी कापली,
आणि वर आला पाना.
बावीस-चोवीसचा. गंजानं फुगलेला,
पण दांड्यावर नानांनी छिन्नीनं ठोकलेला ‘श’
बोटाला अजून कळत होता.

एकोणीस वर्षं झाली.
नानांनी भेरूलालची पिशवी
बांधावर उपडी केली होती, सगळ्यांदेखत.
मक्याच्या दोन रोट्या, कांदा, एक कंगवा.
“म्हने नी लियो, बासाब,” एवढंच म्हणाला तो.
कंगवा उचलला.
रोट्या नाही उचलल्या.
त्या आमच्या कुत्र्यानं खाल्ल्या, सावकाश.

मी तिथंच उभा होतो. नऊ वर्षांचा.
बांधावरच्या बोरीवर काय भिरकावलं
की बोरं जास्त पडतात,
ते मला चांगलं माहीत होतं.

नाना आता नाहीत.
भेरूलालचं गांधीनगरच्या नाक्यावर
पंक्चरचं दुकान आहे.
मोटरसायकलमध्ये हवा मी तिथंच भरतो.
पैसे पुढे केले की तो हात हलवतो,
“रेण दो, भैया.”

पाना तीन दिवस घासलेटात बुडवून ठेवलाय.
पोरानं विचारलं, हे काय?
म्हटलं, पाना.
कुणाचा?
मी बटाट्याची पोती मोजत राहिलो.
एकेचाळीस. पुन्हा मोजली, एकोणचाळीस.

पहाटे चोइथराम मंडीला निघायचंय
आणि ट्रॉलीचं मागचं टायर बसलंय.
वाटेत दुकान एकच.
पाना सीटखाली ठेवला,
मग काढला,
आणि शेजारी, उघड्यावर ठेवला,
फडक्यातही न गुंडाळता.