तुलनेसाठी

फॉर्मवर माझं नाव नव्हतं. सी-०४१.
सी म्हणजे काय, मी विचारलं.
कंट्रोल, लव्ह, मॉरीन म्हणाली,
म्हणजे ज्याला काही झालेलं नाही असं माणूस.
शेजारच्या खुर्चीत पी-११२ हसले.
घरी मी त्यांना अहो म्हणते,
टपालावर ते अच्युत रामचंद्र टेंबे.

चौतीस वर्षं त्यांनी शेफील्डात पोलाद तोडलं.
तोडलं म्हणजे नीट, मोजून.
यंत्राच्या जबड्यात कांडी धरायची,
ताणायची, सोडायची, पुन्हा ताणायची,
दहा लाख वेळा, वीस लाख वेळा,
कितव्या खेपेला चीर गेली ते वहीत लिहायचं.
धातू थकतो, ते सांगायचे,
पण बोलत नाही बिचारा.
आणि त्याच सळईची एक कांडी
तेल लावून, फडक्यात गुंडाळून
कपाटात ठेवायची, हात न लावता.
ती कशाला?
अगं, नाहीतर कळणार कसं
दुसरीचं काय काय गेलं ते?

तर मी ती कपाटातली.

बाविसाव्या खोलीत मला कुशीवर निजवलं,
गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी,
त्रेसष्टाव्या वर्षी गाठोडं बांधल्यासारखं.
डॉक्टर ओयेलारन बोटाने मणके मोजत खाली आला,
थांबला, सॉरी म्हणाला,
मग सुई.
मला मागे बघता येत नव्हतं.
हे बघत होते. जीभ तेव्हाच जड झाली होती,
तरी एकेक अक्षर उचलून ठेवावं तसं म्हणाले,
स्वच्छ आहे गं. एकदम स्वच्छ.

आपल्याकडे पात्याला पाणी देतात,
माणसाचं पाणी जोखतात.
इथे ते थेंबाथेंबाने काढून घेतात,
नळीवर आकडा चिकटवतात
आणि उणे ऐंशी अंशांत ठेवून देतात,
त्याचं आणि माझं, एकाच फळीवर.
आमचा संसार असा
दोन खणांत नीट लावलेला
मी आधी कधी पाहिला नव्हता.

दर तीन महिन्यांनी मूठ आवळायची.
आधी त्यांनी, मग मी.
त्यांचे एकतीस, माझे बावीस.
त्यांचे सव्वीस, माझे बावीस.
त्यांचे अठरा झाले त्या दिवशी
मी बोटं जरा सैल सोडली.
काटा सतरावर थांबला.
मॉरीनने लिहायला पेन टेकवलं
आणि हे ओरडले. घशातून, शब्द नाही,
नुसता आवाज.
मग मान हलवत माझ्याकडे बघत राहिले,
वहीत कुणी खोटा आकडा घातल्यावर
ऑफिसातून घरी यायचे तसे.
मी पुन्हा दाबलं. बावीस.
बसमध्ये आम्ही बोललो नाही.
ग्लॉसप रोडचा चढ लागला तेव्हा
त्यांनी आपला हात माझ्या मांडीवर ठेवला,
ठेवला म्हणजे दुसऱ्या हाताने उचलून ठेवला.

फेब्रुवारीत ते गेले.
एप्रिलमध्ये पत्र आलं: दुःखात सहभागी आहोत,
पण तुलनेच्या गटाने शक्य असल्यास
पाच वर्षं पुरी करावीत,
आपली इच्छा, आपल्यावर बंधन नाही.

गेले.
मॉरीन म्हणाली, मला फॉर्म आहे तसाच वाचावा लागतो, लव्ह.
वाच, म्हटलं.
गेल्या भेटीनंतर पडलात? नाही.
नवीन गोळी? नाही.
वजन? दोन किलो उतरलं,
एकटीपुरतं रांधायचं मला अजून जमत नाही,
एक तर फार होतं, नाहीतर होतच नाही.
तिने दोन किलो लिहिलं.
पुढचं लिहायला रकाना नव्हता,
तिने उगाच समासात एक ठिपका दिला.

मग यंत्र पुढे सरकवलं.
बाजूची खुर्ची तिने अजून हलवली नव्हती.
मी पूर्ण जोर लावला,
बोटं पांढरी पडेपर्यंत, अंगठा थरथरेपर्यंत.
बावीस.
लिही, म्हटलं.
खरा आहे.