सातवा रकाना

खसबच्या छोट्या संग्रहालयात दुपारी दीडला
पेटी क्रमांक एकोणीस उघडली.
फोटो. होडीवर चार माणसं, एक पोर,
दोरीवर वाळत घातलेली मासळी.
पाठीमागे कुण्या सर्वेक्षण साहेबाचं तिरकं अक्षर:
'मासेखाऊ टोळी. नावे : नाहीत.'

यंत्र विचारतं, विषय?
खाली यादी सरकते. आदिम. रानटी. बोली, अपभ्रष्ट.
यापैकी एक निवडा, म्हणजे पुढचं पान उघडेल.

उन्हाळ्यात कुमझारची माणसं बोटींनी इकडे येतात,
खजूर उतरवायला, शेरडांसकट.
मरयूमबाई आल्या. खुर्ची नको म्हणाल्या,
थंड फरशीवर मांडी घालून बसल्या
आणि फोटो मांडीवर घेतला, तान्हं घ्यावं तसा.
नातू दरवीश मध्ये बसला, तांडेल तो,
आजीची कुमझारी दुबईत शिकलेल्या हिंदीत आणायचा,
मी तिथून मराठीत.
दोन घरं बदलून आलेला शब्द दमलेला असतो,
त्याला आधी पाणी विचारावं लागतं.

'हा माझ्या आईचा मामा,' त्या म्हणाल्या,
'आणि नावं नाहीत कशी? ही पाच. लिही.'
मग मासळीकडे बोट.
पाण्यात असते तेव्हा तिला एक शब्द,
जाळ्यात आली की दुसरा,
दोरीवर वाळताना तिसरा.
चौथा त्यांनी माझ्या कानात सांगितला,
दरवीशला तोंड फिरवायला लावून.
'ऐकलास ना? आता लिहू नकोस.'

आमच्या पालावर सांजच्याला हजेरी असायची.
कायदा मेला होता, वही जिवंत होती.
चुलत्याचं नाव, त्याच्या बापाचं, अंगठा,
आणि सातवा रकाना, गुन्हा,
शाईनं नव्हे, छापखान्यातूनच भरून आलेला.
मी अक्षरं जुळवायला शिकले ती त्या वहीवर,
हवालदाराच्या गुडघ्याशी उभी राहून.
'ज' जन्मजातचा.

हे कुणाला सांगितलं नव्हतं खसबमध्ये.
त्या दिवशी का सांगितलं, माहीत नाही.
मरयूमबाई म्हणाल्या, त्यांनी ठेवलेलं नाव राहू दे,
तुम्ही आपसात काय म्हणता स्वतःला?
अकरा वर्षांत तोंडात न आलेला शब्द
जरा अडखळत आला.
त्यांनी तो परत म्हटला. पहिल्याच झटक्यात बरोबर.

दरवीशला साहेबाची ओळ खोडायची होती,
ब्लेड मागत होता.
बाई म्हणाल्या, थांब. राहू दे तिला,
पण खाली, बारीक अक्षरात,
आणि लिहिणाऱ्याचंही नाव शोधून शेजारी घाल.
त्याला म्हणावं, तूही ये पेटीत.
त्यावर आम्ही तिघंही इतके हसलो
की पहारेकरी डोकावून गेला.

मस्कतहून पत्र आलं सोमवारी:
प्रमाणित यादीबाहेरचे शब्द स्वीकारता येत नाहीत.
उत्तराला मी पाच नावं जोडली,
तीन शब्द जोडले, कुणी सांगितले ते जोडलं,
कधी, कुठे बसून, तेही.
यादी छोटी आहे, लिहिलं, माणसं नव्हेत.
अजून काही आलेलं नाही.

चौथ्या शब्दाच्या जागी नोंद केली:
'इथे एक शब्द आहे. तो कुमझारला राहतो.
भेटायचं असल्यास बोटीनं जावं,
आणि आधी बायकांना विचारावं.'

यंत्र म्हणालं, नोंद अपूर्ण.
मी म्हटलं, हो.