ढोली

माप घ्यायची टेप सापडेना,
तर पारबताबाई गराडेंनी पिशवीतून बांबूची कमची काढली,
स्वतःच कमरेभोवती फिरवली
आणि अंगठ्याच्या नखाने खूण केली.
बत्तीस इंच, मी नंतर पट्टीवर मोजलं.
वजन बेचाळीस किलो.

रिपोर्ट माझ्याच हातचा होता:
उपाशीपोटी साखर एकशे अठ्ठ्याऐंशी.
आणि गडचिरोलीच्या सोनोग्राफीच्या कागदावर
यकृतात चरबी, ग्रेड दोन.

"चरबी?" त्या हसल्या. "माह्या आंगात?
कागद बदलला असन जी कोनाचा.
मी त अशी काडीवानी.
चरबी असते राइस मिलवाल्या शेठाले."

मी नळी उजेडात धरली.
सेंट्रिफ्यूजमधून निघालेलं त्यांचं रक्त
खाली लाल, वर पिवळसर,
त्या पिवळ्यात दुधाळ ढग,
निवत्या पेजेसारखा.

मग म्हटलं, बाई, तुम्ही ढोल्या विणता ना,
तशा अंगातही असतात.
एकेका पेशीत तेलाचा एकच मोठा थेंब,
बाकी सगळं कडेला सरकवलेलं,
धान घरात आलं की माणसं ओसरीत झोपतात तसं.
थेंबाभोवती पातळ साल, सालीवर राखण.
उपास पडला तर मोजून बाहेर,
जेवण झालं की परत आत.
चरबी म्हणजे रोग नाही,
जपून ठेवलेलं आहे ते.

त्यांनी मान हलवली. यात नवीन काही नव्हतं त्यांना.
"मंग बिघडलं कुठं?"

ढोल्याच थोड्या, आणि लहान.
त्या भरल्या तरी येणारं थांबत नाही,
दोन्ही वेळा रेशनचा भात, पाच वेळा गोड चहा.
मग उतू गेलेलं जागा मिळेल तिथे,
यकृतात, मांडीच्या मांसात,
जिथे कोणी ढोली विणलीच नव्हती.
उघड्यावरच्या धानाचं काय होतं ते तुम्हीच सांगा.

"कोंब येते. घूस लागते. वास मारते."

तेच.
मग कोतवाल दवंडी देत फिरतो,
साखर आत घ्या हो, आत घ्या,
आणि यकृताला ऐकू येत नाही.
कोतवाल आणखी मोठ्यानं,
घसा बसेपर्यंत.

बराच वेळ त्या गप्प.
बाहेर औषधाच्या रांगेत कोणाचं तरी पोर किरकिरत होतं.
"माय सांगे," त्या म्हणाल्या,
"मी पोटात होती त साल खराब होतं.
मोहफुलं शिजवून दिवस काढले.
जन्मली त सुपाच्या एका कोपऱ्यात मावली मी."
मग कमचीवर बोट फिरवत:
"तिनं लहानच विनल्या असन मंग.
बांबूच नव्हता ना जी."

लॅबच्या कोर्सात हे कोणी शिकवलं नव्हतं.
रात्री घरी येऊन शोधलं.
होतं.

"आता मोठ्या विनता येते काय?"
एक गोळी आहे म्हणतात, ढोल्या वाढवते,
पायांवर सूजही आणते.
डॉक्टरांना विचारा, मी फक्त रक्त काढते.
भात कमी करा, हे कसंबसं सांगितलं.
रोज चाला, हे जिभेवरच राहिलं:
त्या पहाटे निघून नऊ किलोमीटर
चालतच आल्या होत्या कुरखेड्याला.

जाताना कमची मागून घेतली.
"वाया कायले घालवाची."

पुढच्या बाजाराला त्यांची सुपं मांडलेली होती.
एकेक उचलून मी काठ पाहत बसले,
कुठेतरी नखाची खूण असेल म्हणून.
दिसली नाही.
एक घेतलं. एकशे वीस सांगितले,
शंभरच घेतले,
आणि विचारलं, तुहं वजन किती हाय, बाई?