तळवा जरासा वर

तिकीट काढल्यापासून मन्मथ जेवेना.
शेवयांचा भात, गोड दशमी, कशालाच हात लावेना.
तिसऱ्या दिवशी मोरीच्या दाराआडून म्हणाला,
"आत्या, हवेत धरायला काय असतंय?"

मला कुठं माहीत.
तीस वर्षं झाली नांदेडात,
सांगवीकडून घरघर आली की
दोरीवरचे कपडे धरून वर बघते, एवढंच.
वहिनीची बदली बंगळूरला, लेकराला नेऊन सोडायचं मी,
आणि मी तरी कधी बसलेय विमानात!

"भिऊ नको" मात्र म्हणाले नाही.
ते मलाही सगळे म्हणायचे, अर्धापूरला, विहिरीच्या काठावर.
पाठीला केळीचं खांड बांधून
अख्खा वैशाख उभी होते मी.
भाऊ म्हणायचे, ढकला.
चुलते म्हणायचे, पोरीच्या जातीला कशाला पोहणं.
आप्पा तेवढे खाली उतरले,
गळ्याइतक्या पाण्यात पायरी धरून थांबले
आणि केळीच्या भावाविषयी बोलत राहिले.
डझनाला काय, घडाला काय, व्यापारी कसा काटा मारतो.
ऐकता ऐकता कधी ओली झाले
आठवत नाही. खांड हळूच वर आलं,
त्याच्याखाली लोंबकळत मी.

मग मन्मथला स्कूटीवर मागं बसवलं.
मालेगाव रोड, पहाटेचे सहा, रस्ता मोकळा.
"हात बाहेर काढ. तळवा सपाट. आता जरासा वर कर."
आरशात दिसला त्याचा हात,
कुणी न धरता उचललेला.
"आत्या, कोण उचलू लालंय?"
"हवा."
"आन् गाडी थांबल्यावर?"
मी ब्रेक दाबला. हात खाली आला.
लेकरू गप्प. मीही गप्प.
हा प्रश्न आधी सुचायला पाहिजे होता मला.
"विमान मधीच थांबत नसतंय," म्हणाले शेवटी,
"तिथं सिग्नल नाही, म्हशी नाहीत."
त्याला ते पटलं की नाही, कळलं नाही.
घरी येऊन अर्धी दशमी खाल्ली.

विमानतळावर त्यानं पायलटचे बूट बघितले.
नाड्या नीट बांधलेल्या होत्या. मान हलवली.

धावपट्टीवर माझी एकच बांगडी
फिरवत राहिला, गोल गोल.
पोटातून काहीतरी निसटलं, माझ्याही,
आणि मी हळदीच्या भावाविषयी बोलायला लागले.
मग हरभरा. मग मोंढ्यातला तो काटा मारणारा.
पुढच्या सीटवरचे सरदारजी वळून हसले.
घसा कोरडा पडला तरी थांबले नाही.
मन्मथला उलटी झाली, पिशवीत, व्यवस्थित.
तोंड पुसलं आणि काचेला नाक लावलं.
खाली शेततळी, निळी, चौकोनी,
कुणाच्या तरी खिशातून सांडल्यागत.
"अकरा," म्हणाला. मोजत होता.
"आपली विहीर कुठाय?"
मी काचेवर बोट ठेवलं, अंदाजानं.
अर्धापूर तर केव्हाच मागं, शेपटीकडं राहिलं होतं.
तो बराच वेळ त्या बोटाखाली बघत राहिला.

बंगळूरला आईच्या कमरेला मिठी,
आणि पहिलं वाक्य: "परत जाताना रेल्वेनं."
"बरं," मी म्हणाले, लगेच,
इतक्या लगेच
की वहिनीनं माझ्याकडं नीट वळून बघितलं.